आधी नाकातली नळी, मग बिनटाक्याची गोष्ट

थंडीत इंदुरात तळलेल्या गराडूच्या, म्हणजे कंदाच्या, गाड्या लागल्या की माझ्या टपालाचा रंग बदलतो. या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्म्याहून जास्त छातीतल्या जळजळीची, करपट ढेकरांची आणि ‘घशाशी येतं’ या तक्रारीची आहेत. त्यातलं एक पत्र इतकं तपशीलवार आहे की सदराची बरीचशी जागा त्यालाच देते. बाकीच्यांनी रागावू नये, तुमच्यातल्या अनेकांचं उत्तर त्यातच येऊन जाईल.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर ताई. वय ४७, वजन ८२ किलो, उंची पाच फूट सहा इंच. कापड मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब बघतो, म्हणजे दिवसभर बैठक. नऊ वर्षांपासून रोज सकाळी ॲसिड कमी करणारी पॅन्टोप्रॅझोल ४० ची गोळी चालू आहे. घेतली की दिवस बरा जातो, दोन दिवस चुकली की छातीत निखारा ठेवल्यासारखं होतं. रात्री शटरचं कुलूप लावायला वाकलो की आंबट पाणी थेट तोंडात, ते मात्र गोळी घेतली तरी येतं. मागच्या महिन्यात एंडोस्कोपी केली. रिपोर्टात ‘ग्रेड बी इसोफेजायटिस, स्मॉल हायटस हर्निया’ असं आहे. अहमदाबादच्या साडूंनी एक जाहिरात पाठवली आहे : तोंडातून दुर्बीण घालून झडप दुरुस्त, एकही टाका नाही, गोळ्या कायमच्या बंद. खरं असतं का हे? की सरळ पोटावरचं दुर्बिणीचं ऑपरेशन करून घेऊ? आणि नंतर रात्री सराफ्यात खायला जाता येईल का? बायको म्हणते, आधी सेव सोडा. (एक वाचक, सुदामा नगर)

उत्तर : भाऊ, तुम्ही सगळं लिहिलंत, एक सोडून. गोळी नेमकी कधी घेता? ‘सकाळी’ म्हणजे इंदुरात काय असतं ते मला ठाऊक आहे. उठल्यावर चहा, मग कोपऱ्यावरचे पोहे, पोह्यांवर सेव नि जीरावन मसाला, आणि पेढीवर गादीला पाठ टेकल्यावर आठवण झाली की गोळी. तुमचं असं असेल तर नऊ वर्षं तुम्ही अर्धीच गोळी घेत आलात असं समजा.

जठरात ॲसिड तयार करणारे अगदी सूक्ष्म पंप असतात आणि खाणं पोटात पडलं की ते चालू होतात. ही गोळी फक्त चालू असलेला पंप बंद करू शकते, झोपलेल्या पंपाला ती हात लावत नाही. शिवाय रक्तात ती फार वेळ टिकत नाही. नर्मदेच्या नळाला पाणी असतं तेवढ्याच वेळात मोटर चालवावी लागते ना, तसंच हे. म्हणून गोळी अनशापोटी, आणि तिच्यानंतर अर्ध्या तासाने खाणं. चहाबरोबर नाही, पोह्यांनंतर तर नाहीच. एवढ्याशा गोष्टीला मी इतकी जागा का देते आहे? अमेरिकेत माजी सैनिकांच्या दवाखान्यांत एक पाहणी झाली, २०१९ साली ती छापून आली. गोळीने छातीतली जळजळ थांबत नाही म्हणून पाठवलेले ३६६ जण त्यात होते. सगळ्यांना आधी दोन आठवडे गोळी नीट, जेवणाआधी, दोन वेळा घ्यायला लावली. त्यातले ४२ जण तेवढ्यानेच बरे झाले. ऑपरेशनचा विषय त्यांच्यापुरता तिथेच संपला.

आता झडपेकडे येऊ. अन्ननलिका जठराला मिळते तिथे स्नायूंचं एक कडं असतं. बाहेरून त्याला आधार देतो तो छाती आणि पोट यांच्यामधला पडदा. या पडद्याच्या फटीतून अन्ननलिका खाली उतरते आणि ती फट नळीभोवती चिमट्यासारखी बसते. आतलं कडं आणि बाहेरचा चिमटा एकाच जागी असले की दार घट्ट लागतं. जठराचा वरचा भाग फटीतून छातीकडे सरकला की दोघांची जागा चुकते. तुमच्या रिपोर्टातला हायटस हर्निया तो हाच. मांडीतल्या किंवा बेंबीच्या हर्नियासारखा तो बाहेरून दिसत नाही, चाचपडू नका. ग्रेड बी म्हणजे अन्ननलिकेच्या आतल्या अस्तरावर पाच मिलिमीटरपेक्षा लांब ओरखडे आहेत, पण एका घडीवरून दुसरीवर गेलेले नाहीत. ए ते डी अशा चार पायऱ्या असतात, तुम्ही दुसरीवर आहात.

गोळी ॲसिड कमी करते, दार दुरुस्त करत नाही. कुलूप लावायला वाकल्यावर पाणी वर येतं ते म्हणूनच. जळजळ हा ॲसिडचा त्रास आणि घशाशी येणं हा दाराचा त्रास, निदान या उत्तरापुरते ते वेगळे धरा. तुम्हाला दोन्ही आहेत. ऑपरेशनचा खरा उपयोग दुसऱ्यावर होतो. पेशंटला मी पहिला प्रश्न हाच विचारते : जळतं जास्त, की वर येतं जास्त?

पण कुठलंही ऑपरेशन, टाक्याचं की बिनटाक्याचं, ठरवण्याआधी दोन तपासण्या मला हव्यात. जाहिरातीत त्या सहसा नसतात, कारण त्या कुणालाच आवडत नाहीत.

पहिली, चोवीस तासांची पीएच तपासणी. पीएच म्हणजे ॲसिडचं माप, आकडा जितका खाली तितकं ॲसिड जास्त. सात दिवस गोळी बंद ठेवायची. हाच आठवडा पेशंटला सगळ्यात जड जातो, तोंडी लावायला साधं अँटासिड देतो. मग नाकातून बारीक नळी, साधारण चार्जरच्या वायरएवढी, अन्ननलिकेत उतरवायची आणि तिचं टोक झडपेच्या पाच सेंटिमीटर वर ठेवायचं. दुसरं टोक कानामागून खाली येऊन कमरेच्या डबीला जोडलेलं. जेवलात, आडवे झालात, जळजळ झाली की डबीचं बटण दाबायचं आणि वहीत वेळ लिहायची. पीएच चारच्या खाली किती वेळ राहिला ते दुसऱ्या दिवशी कळतं. चोवीस तासांपैकी चार टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते सर्वसाधारण, सहा टक्क्यांच्या वर असेल तर रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं वर येणं, नक्की, आणि मधलं असेल तर डोकं खाजवत बाकीच्या गोष्टी बघायच्या. नळी नकोच असेल तर अन्ननलिकेच्या भिंतीला चिकटवायची छोटी कॅप्सूलही असते. ती काही दिवसांनी आपोआप सुटून शौचावाटे निघून जाते.

या तपासणीत आपले मराठी पेशंट हमखास एक घोटाळा करतात. नळी घातली की शहाण्यासारखे मुगाची खिचडी आणि ताक घेतात, सातला जेवून उशी उंच करून झोपतात. रिपोर्ट इतका सुंदर येतो की मलाच संशय येतो. अहो, ही परीक्षा दाराची आहे, तुमची नाही. त्या एका दिवशी नेहमीचं खा. पोहे-जिलेबी खा, कचोरी खा, नेहमी आडवे होता तेव्हाच आडवे व्हा. जिलेबी मी लेखी लिहून देते आणि ती लिहून देणारी शहरात बहुधा मी एकटीच असेन.

दुसरी तपासणी मॅनोमेट्री. पुन्हा नाकातून नळी, पण तासाभराच्या आत मोकळे. आडवं झोपवून पाच-पाच मिलिलिटर पाण्याचे दहा घोट गिळायला लावतात आणि अन्ननलिका ते कशी ढकलते, खालचं कडं उघडतं की नाही, हे पडद्यावर रंगांत दिसतं. ही का हवी, त्यासाठी माझ्याच फजितीची गोष्ट सांगते. सर्जन होऊन मला चारच वर्षं झाली होती. देवासकडच्या एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. सहा वर्षं ॲसिडिटीच्या गोळ्या, छातीत जळजळ, रात्री तोंडात वर येणं. मी ऑपरेशन ठरवलं, तारीखही दिली. मॅनोमेट्री तेव्हा इथे सहज होत नव्हती आणि मी तिचा आग्रहही धरला नाही. आदल्या दिवशी राउंडला आमच्या सरांनी त्यांना एवढंच विचारलं, ‘बाई, वर येतं ते आंबट असतं का?’ त्या म्हणाल्या, ‘छे, बेचव असतं. कधीकधी सकाळी उशीवर रात्रीच्या भाताची शितं दिसतात.’ सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुढच्या खाटेकडे गेले. भात जठरात पोहोचलाच नव्हता, म्हणून तो आंबला नव्हता. त्यांचं दार ढिलं नव्हतं, उघडतच नव्हतं. त्याला अकॅलेशिया म्हणतात आणि त्याचा इलाज बरोबर उलटा : कड्याचे स्नायू कापून दार मोकळं करणं. मी ठरवलेलं ऑपरेशन झालं असतं तर बंद दाराला आणखी एक कडी लागली असती. तेव्हापासून मॅनोमेट्रीशिवाय मी कुणाला टेबलावर घेत नाही आणि ‘आंबट की बेचव?’ हा प्रश्न सरांच्या नावाने विचारते.

आता साडूंच्या जाहिरातीकडे. तोंडातून झडप शिवण्याची पद्धत खरी आहे, फसवणूक नाही. तिचं लांबलचक इंग्रजी नाव सोडा, डॉक्टर तिला टीआयएफ म्हणतात. अमेरिकेच्या औषध खात्याने तिच्या उपकरणाला २००७ मध्ये मान्यता दिली. दुर्बिणीवर ते उपकरण चढवून तोंडातून जठरात नेतात. मग जठराचा वरचा भाग ओढून अन्ननलिकेच्या खालच्या टोकाभोवती दुमडतात आणि प्लास्टिकच्या बारीक पिनांनी जागच्या जागी पक्का करतात. बाहेर एकही छेद नाही, हे अगदी खरं. आत मात्र टाक्यांचंच काम झालेलं असतं, फक्त ते तुम्हाला दिसत नाही. भूलही पूर्णच लागते. ‘बिनटाक्याचं’ ऐकून लोकांना वाटतं की दात साफ करून घेण्यासारखं काहीतरी असावं. क्वचित रक्तस्राव होतो, क्वचित अन्ननलिकेला भोक पडतं. मी घाबरवत नाही, सहीच्या कागदावर हे लिहिलेलं असतं आणि तो कागद कुणी वाचत नाही, म्हणून इथे छापते.

तिची खरी मर्यादा वेगळी आहे. ही पद्धत आतून दुमड घालते, पडद्यातली सैल झालेली फट तिला शिवता येत नाही. म्हणून हर्निया दोन सेंटिमीटरपर्यंतच असेल तर तिचा विचार करायचा. त्याहून मोठा असेल तर आतली घडी चांगली असूनही ती पुन्हा वर सरकते. तुमच्या रिपोर्टात नुसतं ‘स्मॉल’ आहे. किती सेंटिमीटर, ते एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. साडूंच्या जाहिरातीचा निम्मा निकाल त्या एका आकड्यावर लागतो.

तोंडातूनच करायचे आणखी काही प्रकार आहेत. रेडिओलहरींची उष्णता देऊन कड्याचे स्नायू घट्ट करतात तो स्ट्रेटा. तो २००० सालापासून आहे आणि इतक्या वर्षांतही त्याचा पुरावा डळमळीतच राहिला. लोकांना बरं वाटतं, पण पीएच मोजला तर फारसा हललेला दिसत नाही. कुणी आग्रह केला तर मी ‘नको’ म्हणते. दुसरा जपानहून आलेला : जठराच्या तोंडाशी अस्तराची चंद्रकोरीच्या आकाराची पट्टी काढायची, जखम भरताना जागा आखडते आणि दार आवळलं जातं. डोकं छान चालवलंय, पण किती आवळेल यावर ताबा कमी, आणि कधी जास्त आवळलं की फुग्याने ताणावं लागतं.

पोटावरून होणारं दुर्बिणीचं ऑपरेशन ते फंडोप्लिकेशन. याचा जन्म अपघाताने झाला, ती गोष्ट मला फार आवडते. रुडॉल्फ निसेन हे जर्मन ज्यू सर्जन १९३३ मध्ये हिटलरमुळे देश सोडून इस्तंबूलला गेले. तिथे त्यांनी एका तरुणाच्या अन्ननलिकेचा खालचा, व्रण पडलेला भाग काढला आणि जोड सुटू नये म्हणून त्याभोवती जठर गुंडाळलं. पुढे बऱ्याच वर्षांनी लक्षात आलं की त्या माणसाला रिफ्लक्सचा त्रासच झाला नाही. मग १९५५ मध्ये बासेलला त्यांनी नुसती गुंडाळी घातली. मधल्या काळात न्यूयॉर्कमध्ये असताना, १९४८ साली, याच निसेननी आइन्स्टाइनच्या पोटातली फुगलेली महाधमनी सेलोफेनमध्ये गुंडाळली होती. गुंडाळण्यात त्यांचा हात बसलेला होता म्हणायचा. १९९१ पासून हे ऑपरेशन दुर्बिणीतून होऊ लागलं.

त्यात पाच छोटी भोकं असतात, अर्ध्या ते एक सेंटिमीटरची. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, वर सरकलेलं जठर खाली ओढायचं, पडद्याची फट मागून दोन-तीन टाक्यांनी लहान करायची आणि मग जठराचा वरचा झोळ अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणायचा. पूर्ण वेढा म्हणजे निसेन, पाऊण वेढा म्हणजे टूपे. मी स्वतः बहुतेकांना पाऊण वेढा घालते. पूर्ण वेढ्याने दार इतकं घट्ट लागतं की पुढे ढेकर येत नाही, उलटी होत नाही, आणि जी हवा वरून निघायची ती खालून निघते. पेशंट हसत सांगतात, पण भिशीत किंवा भजनाला बसल्यावर ते हसण्यासारखं राहत नाही. पाऊण वेढ्यात हा त्रास कमी होतो.

एक-दोन रात्री दवाखान्यात. पहिले काही दिवस पातळ, मग तीन-चार आठवडे मऊ : मऊ भात-वरण, लापशी, उकडलेल्या भाज्या. पोळी, ब्रेड, कोरडा भात अडकतो, कारण सूज असते. सोडा, फेसाळ काहीही नको. दीड महिना जड उचलायचं नाही, म्हणजे शटर दुसऱ्या कुणाला ओढायला सांगा. आणि हेही कायमचं नसतं. स्वीडनमधल्या २,६५५ पेशंटांच्या नोंदींत १७.७ टक्क्यांना रिफ्लक्स परत आला, त्यातले बहुतेक पुन्हा गोळ्यांवर गेले. ‘गोळ्या कायमच्या बंद’ असं मी कुणालाही लिहून दिलेलं नाही.

परदेशात अन्ननलिकेभोवती चुंबकी मण्यांचं कडंही घालतात. टायटॅनियमचे मणी, घास आला की एकमेकांपासून सुटतात आणि गेला की चिकटतात. अमेरिकेत २०१२ पासून त्याला मान्यता आहे. मी ते केलेलं नाही. पुढे एमआरआय काढायची वेळ आली तर मशीन कितपत ताकदीचं आहे ते विचारत बसावं लागतं, म्हणून मला त्याचा मोहही नाही.

मग तुम्ही काय करायचं? आधी आठ आठवडे गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्या. पाच-सहा किलो वजन उतरवा, तुमच्या उंचीला ते जड जाणार नाही. पेढीवरून आल्यावर जेवण आणि आडवं होणं यात तीन तास ठेवा. तरी कुलूप लावताना पाणी येतच राहिलं, किंवा आयुष्यभर गोळी नकोच असं तुमचं मन सांगत असेल, तर दोन्ही तपासण्या करा. पीएच सहा टक्क्यांच्या वर, मॅनोमेट्री स्वच्छ आणि हर्निया दोन सेंटिमीटरच्या आत असेल तर तोंडातून. मोठा असेल तर पोटावरून. तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे : गोळीने तुमची जळजळ थांबते. ज्यांना गोळीचा गुण येतो त्यांनाच ऑपरेशनचाही चांगला गुण येतो. गोळीने रतीभरही फरक पडत नाही आणि म्हणून ऑपरेशन हवं, असं म्हणणाऱ्यांनीच आधी थांबावं. त्या ३६६ माजी सैनिकांतले ९९ जण असे निघाले की त्यांची जळजळ ॲसिडची नव्हतीच, नसा हळव्या झाल्या होत्या. शेवटी खरा, गोळीला न जुमानणारा रिफ्लक्स फक्त ७८ जणांत सापडला. त्यांच्यापैकी ज्यांचं ऑपरेशन झालं त्यातल्या ६७ टक्क्यांना गुण आला, औषधं वाढवली त्यांच्यात २८ टक्क्यांना. चाळणी नीट लावली तर ऑपरेशन उत्तम आहे, म्हणून तर चाळणीचा हट्ट.

सराफ्याचं म्हणाल तर जाता येईल. दोन महिन्यांनी, रात्री साडेबाराऐवजी नऊला, आणि भुट्ट्याचा कीस एक प्लेट दोघांत. वहिनींना सांगा, सेव सोडायची गरज नाही, पोह्यांवरची चिमूटभर चालेल. वाटीभर ती सेव नसते, जेवण असतं.

प्रश्न : सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, बारा वर्षं ॲसिडिटीची गोळी चालू आहे. मोबाइलवर आलं की याने किडनी जाते, हाडं विरघळतात. त्यांनी चार दिवसांपूर्वी एकदम बंद केली आणि आता जेवतच नाहीत, इतकी जळजळ होते. (एक सून, लोकमान्य नगर)

उत्तर : ताई, आज संध्याकाळपासून त्यांना गोळी पुन्हा द्या. एकदम बंद केली की दाबून ठेवलेले पंप उसळून दुप्पट काम करतात. त्यामुळे जळजळ वाढते आणि माणसाला वाटतं, आपला रोगच वाढला. कमी करायचीच तर डॉक्टरांना विचारून डोस अर्धा, मग एक दिवसाआड, अशी महिनाभरात. त्यांना गोळी कशासाठी दिली होती, ते जुन्या कागदांत शोधा. रक्त पातळ करणारी गोळी किंवा ॲस्पिरिन चालू असेल, किंवा एंडोस्कोपीत ‘बॅरेट’ (अन्ननलिकेचं अस्तर बदलणं) हा शब्द असेल, तर ती बंद करायची नसते. पॅन्टोप्रॅझोलवर तीन वर्षांचा मोठा अभ्यास झाला आहे, १७,५९८ माणसांचा. त्यात गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती साखरेची गोळी घेणाऱ्यांत किडनी, हाडं यांचा फरक दिसला नाही, पोटाचे जंतुसंसर्ग तेवढे थोडे जास्त झाले. वर्षातून एकदा बी-१२ आणि मॅग्नेशियम तपासून घ्या, तेवढं पुरे.

प्रश्न : वय २९, वजन १०८ किलो. छातीत जळजळ तीन वर्षांपासून. एका ठिकाणी सांगितलं की जठर कापून लहान करण्याचं ऑपरेशन करा, वजन आणि ॲसिडिटी दोन्ही जातील. (विजय नगर)

उत्तर : वजन जाईल. ॲसिडिटीचं उलट होण्याचीच भीती जास्त. जठराची अरुंद नळी केली, ज्याला स्लीव्ह म्हणतात, की आतला दाब वाढतो आणि तुमचं दार आधीच ढिलं आहे. वजन आणि रिफ्लक्स दोन्ही असतील तर जठराचा बायपास जास्त बरा. त्यात जठराचा अगदी छोटा भाग अन्ननलिकेला राहतो आणि ॲसिड नि पित्त दोन्ही वर यायची वाटच लांब होते. सही करण्याआधी ‘स्लीव्ह की बायपास, आणि का?’ हे तोंडावर विचारा. उत्तर देताना कुणी चिडलं तर दुसरीकडे जा.

प्रश्न : रात्री अकराला छाती भरून आली, घाम आला, डावा हात जड झाला. इनो घेतला, तासाभराने बरं वाटलं. ही ॲसिडिटीच ना? (वय ५८, राजवाड्याजवळ)

उत्तर : काका, हे पत्र वाचून मी तुमच्या मोबाइलवर लगेच फोन केला, तुम्हाला आठवत असेल. इतर वाचकांसाठी : घाम, हात किंवा जबडा जड, चालताना वाढणारी छातीची कळ, हे हृदयाचं आधी धरायचं. इनो नंतर. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात.

प्रश्न : खाटेच्या डोक्याकडे विटा लावा म्हणता, पण आमचा दिवाण पेटीचा आहे, त्याला पायच नाहीत. दोन उशा घेतल्या तर चालेल का? (रामबाग)

उत्तर : उशांनी फक्त मान वाकते आणि पोट दुमडलं जाऊन दाब वाढतो, म्हणजे त्रास जास्तच. उंची कमरेपासून वर हवी. पाय असलेल्या खाटेला डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली सहा ते आठ इंच. माझ्या स्वतःच्या खाटेखाली २०११ पासून दोन-दोन विटा आहेत, आमची कामवाली अजून त्यांना वास्तूचा उपाय समजते. तुमच्या पेटीच्या दिवाणासाठी गादीवाल्याकडून फोमची तिरपी पाचर कापून घ्या : रुंदी दिवाणाएवढी, लांबी डोक्यापासून कमरेपर्यंत, उंच कडा सात इंच. आणि झोपा डाव्या कुशीवर. उजव्या कुशीवर दार खाली येतं आणि पाणी त्यावर साठतं, डाव्या कुशीवर पाणी खाली राहतं. पाचर मऊ फोमची घेऊ नका, आठवड्यात बसते.